सुपरचार्जरची तहान

सुपरचार्जर बसवला की इंजिनात हवा जास्त कोंबली जाते आणि त्याच प्रमाणात पेट्रोलही लागते. ते कमी पडले तर नॉकिंग होते, पिस्टनला भोकही पडू शकते. म्हणून पैसे आधी इंधन पंपावर खर्चावेत, चकचकीत फ्युएल रेलचे लाड नंतर.

इंजेक्टरचा हिशेब सोपा. चार सिलिंडर, 300 हॉर्सपॉवर आणि इंजेक्टर जास्तीत जास्त 80 टक्के वेळ उघडा, तर प्रत्येकी मिनिटाला साधारण 600 सीसी क्षमता हवी. दाबाचे गणित मात्र भल्याभल्यांना चकवते. रेलमध्ये 3 बार आणि मॅनिफोल्डमध्ये 0.7 बार बूस्ट असेल, तर इंजेक्टरला प्रत्यक्षात मिळतात 2.3. बूस्टची नळी जोडलेला रेग्युलेटर रेलचा दाब 3.7 वर नेतो. पण दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो, तेव्हा पंपाची क्षमता त्याच दाबाला तपासावी. पंपाची बारीक वायरही बदलावी, व्होल्टेज पडले की तो दमतो.

ठाणे, डोंबिवलीच्या पेट्रोल पंपांवर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्याला तेवढ्याच हवेसाठी आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागते, त्यामुळे इंजेक्टर थोडा मोठाच घ्यावा. इथेनॉल पाणी शोषते. कल्याणच्या पावसाळ्यात अर्ध्या टाकीनिशी महिनोन्‌महिने उभ्या गाडीत ते पाणी तळाशी साचून पंप गंजवते. जुने रबरी सील, होजही फुगतात.

घोडबंदर रोडवर पळवून ट्यूनिंग करण्यापेक्षा डायनो बरा. शिवाय गाडीची नोंदणी एमएच-04 असो वा एमएच-05, मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचनेत असे बदल करायला मोकळीक देत नाही.