फुलांची मजुरी

न्यू जर्सीतल्या फुलांच्या दुकानात माझं पहिलं काम होतं बादल्या घासण्याचं. फेब्रुवारी 2016. मालकीणबाईंनी ब्लीच आणि ब्रश हातात दिला आणि बजावलं, बादली इतकी स्वच्छ हवी की त्यातलं पाणी आपल्याला पिता आलं पाहिजे. घाणेरड्या पाण्यात जिवाणू वाढतात, देठाच्या तोंडाशी साचतात, मग पाणी वर चढत नाही आणि कळी उमलायच्या आधीच मान टाकते. फुलांची पुडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, एवढंच मला पुण्याच्या घरी ठाऊक होतं. त्या दिवशी मी चाळीसेक बादल्या घासल्या. मजुरी ताशी 9 डॉलर. राज्याचं किमान वेतन तेव्हा 8 डॉलर 38 सेंट होतं.

मी बी.कॉम. पुण्यात बँकेत नोकरी करत होते. 2011 मध्ये नवऱ्याबरोबर न्यू जर्सीतल्या एडिसनला आले ती एच-4 व्हिसावर, आणि त्या व्हिसावर काम करायला परवानगीच नव्हती. 26 मे 2015 पासून नियम बदलला. ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीन कार्डचं काम ठरावीक टप्प्याच्या पुढे गेलं होतं, त्यांना अर्ज करता येऊ लागला. कामाच्या परवानगीचं कार्ड हातात आलं तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं होतं की मी हिशेबाचं काम शोधणार. पण रिकाम्या चार वर्षांत मला एकाच गोष्टीनं सावरलं होतं. गणपतीत मंडळासाठी मी हार करायची. इथे शेवंती हवी तशी मिळत नाही, म्हणून सुपरमार्केटातली कार्नेशन आणून सुईदोऱ्यानं ओवायची. गजरा गुंफायला आजीनं शिकवलं होतं, बोटांना ते आठवत होतं. म्हणून मी फुलांच्या दुकानात गेले.

रुजू झाले आणि आठवड्यात व्हॅलेंटाइन्स डे आला. गुलाबांची खोकी छतापर्यंत रचलेली. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या सोडायच्या, बाहेरच्या डागाळलेल्या पाकळ्या काढायच्या, काटे तासायचे, देठ तिरपा कापायचा, पाण्यात ठेवून कूलरमध्ये न्यायचं. कूलरमध्ये तापमान एक ते तीन अंश सेल्सियस. तिसऱ्या दिवशी बोटांना भेगा पडल्या. खोक्यांवर बोगोटाचा पत्ता असे. अमेरिकेत विकली जाणारी बहुतेक कापलेली फुलं बाहेरून येतात, सर्वांत जास्त कोलंबिया आणि इक्वेडोरमधून. विषुववृत्ताजवळची उंच पठारं, वर्षभर जवळजवळ बारा तासांचा दिवस, म्हणून देठ लांब आणि सरळ. विमानानं मायामी, तिथून थंड ट्रकनं आमच्या दारात. आमच्या मावळातल्या पॉलीहाउसमध्येही याच दिवसासाठी महिनाभर आधीपासून धावपळ सुरू असते, हे मी तिथल्या सहकाऱ्यांना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं.

रचना करायला मला चार महिन्यांनी मिळाली, आणि माझा पहिला फुलदाणीतला गुच्छ मालकीणबाईंनी सगळा मोडून परत करायला लावला. मी फुलं गच्च भरली होती. हारात दोरा दिसला तर ती चूक, असं माझं शिक्षण. इथे दोन फुलांमध्ये जागा सोडली नाही तर ती चूक. आधी हिरव्या पाल्याचा सांगाडा, मग स्नॅपड्रॅगनसारखी उंच फुलं, मग गुलाब किंवा हायड्रेंजिया, शेवटी बारीक जिप्सोफिला. प्रत्येक फुलाला स्वतःपुरती हवा हवी. हे डोळ्यांना शिकवायला मला वर्ष लागलं. कोटाला लावायचं छोटं फूल तर आणखी अवघड. त्याची टेप ताणल्याशिवाय चिकटत नाही, जास्त ताणली तर तुटते.

सर्वांत जास्त शिकवलं ते अंत्यविधीच्या फुलांनी. शवपेटीवर ठेवायची फुलं करायला सुरुवातीला माझा हात धजावत नव्हता. मग एकदा एक तरुण आजीच्या बागेतल्या हायड्रेंजिया ओल्या कागदात गुंडाळून घेऊन आला. आजीसाठीच्या फुलांमध्ये त्या घालाल का, एवढंच त्यानं विचारलं. त्या निम्म्या कोमेजल्या होत्या. मी त्यांची डोकी तासभर पाण्यात बुडवून ठेवली. हायड्रेंजिया पाकळ्यांतूनही पाणी पिते, ती तरारून आली. ती मी मधोमध लावली. त्या दिवसापासून मला या कामाची भीती वाटली नाही.

आता पैशांचं बोलते, कारण विचारणाऱ्या मुली नेहमी तिथेच अडखळतात. केंद्रीय कामगार सांख्यिकी विभागाच्या अलीकडच्या आकड्यांनुसार अमेरिकेतल्या फ्लोरल डिझायनरची मधली कमाई वर्षाला 35 हजार डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे ताशी साधारण 17 डॉलर. निम्म्या लोकांना याहून कमी मिळतं. एडिसनमध्ये एका बेडरूमच्या साध्या घराचं वर्षाचं भाडंच 20 हजारांच्या वर जातं. माझ्या घरात दुसरा पगार होता म्हणून मी टिकले, हे मी लपवणार नाही. याच विभागाचा अंदाज आहे की येत्या वर्षांत या नोकऱ्या कमी होतील. लोक गुच्छ सुपरमार्केटातून घेतात किंवा ऑनलाइन मागवतात, आणि कोपऱ्यावरची दुकानं बंद होतात.

दुसऱ्या एका दुकानात फेब्रुवारीतल्या एका आठवड्यात मी 61 तास काम केलं आणि सगळ्या तासांचे पैसे साध्या दरानं मिळाले. 1938 पासूनचा संघराज्याचा कायदा सांगतो की चाळीस तासांवर दीडपट. मी रोजचे तास वहीत लिहिले होते. वही पुढे ठेवल्यावर फरक मिळाला. नसती ठेवली तर मिळाला नसता.

लग्नाच्या फुलांचं पहिलं काम मी स्वतः 2019 मध्ये घेतलं. आपल्याकडचं कुटुंब, मांडव, दोन वरमाला, मुंडावळ्या, टेबलांवरची फुलं. मी फुलांचा खर्च मोजला, त्यावर थोडं चढवलं आणि भाव सांगितला. वरमालांनाच पाच तास लागले. पहाटे तीनला उठून मांडव उभा केला, रात्री बाराला उतरवला. दोन मदतनिसांना देऊन माझ्या हातात 140 डॉलर उरले. बँकेत हिशेब केलेली बाई मी, पण स्वतःचे तास मोजायला विसरले होते. या धंद्यात रुळलेला हिशेब असा: फुलांच्या घाऊक किमतीची तिप्पट ते साडेतीन पट, कुंड्या-फुलदाण्यांची दुप्पट, आणि वर मजुरी वेगळी. पाण्यातून काढल्यावर काय वाया जाईल, हेही त्यातच धरायचं. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे लग्नं रद्द झाली तेव्हा कूलर भरून फुलं फेकली, आणि पुढच्या दोन वर्षांत तीच लग्नं एकदम आली. या दोन्ही काळांत मला या हिशेबानं तारलं.

आज मी आठवड्याचे चार दिवस दुकानात ताशी 24 डॉलरवर असते आणि वर्षाला दहा-बारा लग्नं स्वतः घेते. आपल्या लग्नांत फुलं भरपूर लागतात आणि वरमाला ओवणारे हात इथे थोडे आहेत. आजीनं शिकवलेलं मला इथे उपयोगी पडलं ते असं.

या कामात यायचं असेल तर आधी वर्षभर दुकानात नोकरी करा. पदवी लागत नाही. परवान्याची अटही बहुतेक राज्यांत नाही. 1965 साली स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फ्लोरल डिझायनर्सचं प्रमाणपत्र पुढे घेता येतं, पण पाठ, मनगटं आणि थंडी सोसणारी बोटं आपल्याला आहेत का, ते दुकानातच कळतं. आरोग्य विमा हवा असेल तर मोठ्या सुपरमार्केटच्या फुलांच्या विभागात विचारा, तिथे तो मिळण्याची शक्यता जास्त.

आणि फुलं घेणाऱ्यांना एक विनंती. मंडळाचा गणपती असो की मुलीचं लग्न, ‘तुला हौस आहे, करून दे’ असं म्हणू नका. भाव विचाराल तेव्हा मजुरीची ओळ वेगळी लिहून मागा, आणि त्या ओळीत घासाघीस करू नका.