एका ‘एस’ची चूक

मुलांनो, घरात तांदूळ निवडतात, सुपात दाणे पाखडतात, पीठ चाळतात. मळणी झाली की धान्य वाऱ्यावर उपणतात. पाहा बरं, कामं चार आणि क्रियापदंही चार! पण प्रत्येकात काही ना काही वेगळं काढायचंच असतं.

इंग्रजीतही असंच आहे. पाखडणं आणि उपणणं या दोन्हींना ‘विनो’ म्हणतात, चाळण्याला ‘सिफ्ट’. पण तुम्हांला शाळेत जास्त वेळा भेटतात ते ‘सेपरेट’ आणि ‘सॉर्ट’. दोन्हींपुढे आपण ‘वेगळे करणे’ असं लिहितो आणि मोकळे होतो. मीही फळ्यावर तसंच लिहिलं होतं.

आमचं सायखेडा निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. मार्च महिना होता. उन्हाळी कांद्याची काढणी जोरात होती. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला.

“मॅडम, तांदळातले खडे काढायचे ते सेपरेट. मग आम्ही कांद्याचे ढीग करतो, ते पण सेपरेटच का?”

“कसे करता गं ढीग?” मी विचारलं.

“मोठा कांदा एकीकडं, बारीक गोल्टी एकीकडं. जोडकांदा निराळा आणि डेंगळ्याचा निराळा.” (डेंगळा म्हणजे कांद्याला आलेला फुलाचा दांडा, बरं का!)

तिच्या प्रश्नातच उत्तर होतं. एका वस्तूतून दुसरी बाजूला काढायची, तिथं सेपरेट. त्याच्या जोडीला ‘फ्रॉम’ येतो : सेपरेट द स्टोन्स फ्रॉम द राइस. सगळ्याच वस्तूंची प्रकाराप्रमाणे वाटणी करायची, तिथं सॉर्ट. त्याच्या जोडीला ‘इनटू’ : सॉर्ट द अनियन्स इनटू फोर हीप्स. आणि हो, सेपरेटच्या स्पेलिंगमध्ये ‘पी’नंतर ‘ए’ येतो, ‘ई’ नाही. तिथं मोठी माणसंही चुकतात!

मग मी सांगितलं, “सॉर्ट वापरून स्वतःचं एक वाक्य लिहा.”

वह्या तपासायला घेतल्या. कुणी कांदे सॉर्ट केले होते, कुणी द्राक्षं, कुणी गोट्या. त्या मुलीच्या वहीत एवढंच होतं : ‘मॅडम सॉर्ट अस.’

मी लाल पेन उचललं. ‘सॉर्ट’ला ‘एस’ हवा, ‘सॉर्ट्स’. तो लिहिला आणि हात थांबला. वाक्यात चूक होती ती फक्त एका ‘एस’ची. अर्थ मात्र बिनचूक होता!

कारण जूनमध्येच मी वर्गाचे दोन ढीग केले होते. भराभर वाचणारी मुलं पुढे, अडखळणारी मागे. शिकवायला सोपं जातं म्हणून. मागे बसलेल्यांना काय वाटत असेल, हे मी नऊ महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

त्या रात्री मला पिनकोड आठवला. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्या पुढाकारानं १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. त्यातले पहिले तीन आकडे मिळून ‘सॉर्टिंग डिस्ट्रिक्ट’ कळतो. आपल्या नाशिकचा ४२२. टपालात पत्रांचे गठ्ठे वेगळे करतात ते कशासाठी? प्रत्येक पत्र आपापल्या घरी पोचावं म्हणून! मी मुलांना वेगळं केलं होतं, पण मागची रांग कुठं पोचवली होती?

दुसऱ्या दिवशी मी मुलांची माफी मागितली आणि रांगा मोडल्या. ती मुलगी खिडकीपाशी पुढच्या बाकावर आली. लगेच ती धडाधडा वाचू लागली असं नाही. पण आता अडली की ती शेजारणीला विचारते. आणि शेजारीण गणितात अडली की हिला विचारते. वाचनाच्या सरावाला मी अजूनही गट करते. पण घंटा झाली की गट संपला!

शेतातून काढलेली गोल्टी गोल्टीच राहते. ती आता मोठी व्हायची नाही. मुलांचं तसं नसतं. तुम्ही अजून वाढताय! म्हणून कुणी तुम्हांला ‘ढ’ म्हणून बाजूला काढलं, तरी तो ढीग कायमचा समजू नका. आणि पालकहो, शेजारच्या मुलाशी तुलना करायला तोंड उघडण्याआधी हा कांदा आठवा.

आता एक काम करा. दप्तर उघडा. वह्या, पुस्तकं, पेन्सिली सॉर्ट करा. तुटकी टोकं त्यातून सेपरेट करा. मग दोन्ही शब्दांचं एकेक वाक्य लिहा. आणि बघा हं, ‘एस’ विसरू नका!