खिळ्यांचा पट्टा

मावशीच्या गळ्यात जाड पट्टा होता आणि त्यातून लोखंडी खिळ्यांची टोकं बाहेर आली होती. असा पट्टा मी लहानपणापासून पाहत आले, पण मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात. जनावर आधी मान धरतं म्हणून. आता तोच पट्टा घालून बाया खुरपायला बसतात. मला तिच्याशी नीट बोलवेना.

मावशी शिरूरच्या बेट भागातली, घोड आणि कुकडी नद्यांच्या मधली. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूतला महिन्याभराच्या आत बिबट्याच्या हल्ल्यांत तिघं गेली. दोन लेकरं, एक आजी. लोकांनी मंचरला महामार्ग अडवला, वन विभागानं नेमबाज आणले, एक बिबट्या मारला गेला. त्या लेकरांच्या घरी जाऊन 'सहजीवन' हा शब्द उच्चारायची माझी हिंमत नाही.

तरीही बिबट्याला परका म्हणवत नाही. माझ्या आजीच्या काळी इथं बाजरी, हुलगा, मटकी. मग धरणं झाली, कोल्हापुरी बंधारे झाले, पाणी खेळलं आणि ऊस आला. वर्षभर, कधी दीड वर्ष उभं राहणारं दाट रान, शेजारी पाणी, वस्तीवर कुत्री नि शेळ्या. बिबट्याची मादी तिथंच विते. तिच्या पिल्लांनी डोंगर पाहिलेलाच नसतो.

माझं सासर दौंडच्या राहू बेटात, भीमेकाठी. तिथंही ऊसच. एकदा तोडणी चालू असताना पाचटात पिल्लं सापडली, डोळे नुकते उघडलेली. बांधावर तोडकरी बाईचं बाळ झोळीत निजलेलं. ती कोयता टाकून आधी धावली आपल्या बाळाकडे. त्याला छातीशी धरून परत आली आणि दुसऱ्या हातानं पिल्लांवर पाचट ओढलं. "ऊन लागंल त्यास्नी," म्हणाली. वन विभागाच्या लोकांनी संध्याकाळी पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली. रात्रीत मादीनं एकेक करून नेली. त्या बाईला भीती नव्हती असं नाही. तिचे हात थरथरत होते. माणूस म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला ती आठवते.

पण तिच्या मायेवर सगळा भार टाकून चालणार नाही. शेतीची वीज रात्रीची मिळते तेव्हा बॅटरी घेऊन माणूस दारं धरायला उसात शिरतो. वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही. वीज दिवसा द्या, ही मागणी आम्ही किती वर्षं करतोय!

यंदा आम्ही घराला लागून ऊस लावला नाही. त्या तुकड्यात भुईमूग आहे; अंगणातून पार विहिरीपर्यंत नजर जाते. कारखान्याचं बिल तेवढं कमी येईल. सासऱ्यांना ते अजून पटलेलं नाही.