गोटूची सोबतीण

गिनीपिग हें नांव ज्या कोणीं ठेविलें, त्यानें त्या प्राण्यास न्याय दिला नाहीं. तो डुकराच्या जातीचा नव्हे आणि गिनी देशाचाही नव्हे. त्याचें मूळ घर दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांत असून तेथील लोकांनीं हजारों वर्षांपूर्वीं त्यास माणसाळविलें. कुळानें तो कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकीं. स्वभावानें मात्र कळपांत राहणारा आणि एकटा पडला म्हणजे झुरणारा. स्वित्झर्लंड देशांत २००८ सालीं झालेल्या नियमांनीं गिनीपिग एकटा पाळण्यास मनाई झाली, हें ऐकून आमच्या मुलांना हसूं आलें होतें. गोटूचा भाऊ वारला तेव्हां मात्र कोणी हसलें नाहीं.

गोटू हा आमच्या विज्ञानगृहामागील पडवींत राहणारा तांबूस-पांढरा नर. भाऊ गेल्यावर तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यांत तोंड घालून बसूं लागला. कोथिंबिरीची जुडी दिसतांच शीळ घालणारा हा प्राणी मुका झाला आणि त्याचें वजनही घटूं लागलें. त्याच सुमारास शहर सोडून जाणाऱ्या एका पालकांनीं आपली साळू शाळेस देऊं केली. साळू दोन वर्षांची, काळीभोर, आणि कधींही न व्यालेली. मुलांना वाटलें, झालें, प्रश्न सुटला! आदामाच्या एकटेपणाची कथा त्यांना पाठ होतीच.

परंतु खरा प्रश्न तेथूनच सुरू होत होता. गिनीपिगची मादी सातआठ महिन्यांच्या आंत एकदां व्याली नाहीं, तर तिच्या कमरेच्या हाडांचा पुढील सांधा घट्ट होत जातो. पुढें ती गाभण राहिली, तर विण्याच्या वेळीं तो पुरेसा सैल होत नाहीं. पिलें तर अंगावर केंस व डोळे उघडे अशीं, चांगलीं वाढलेलीं जन्मतात. तेव्हां दोन वर्षांच्या साळूनें गाभण राहणें म्हणजे मरणाशीं गांठ. एक तर गोटूनें एकटें राहावें, नाहीं तर त्याचें खच्चीकरण करावें. एवढ्याशा जिवास गुंगी देणें हेंही निर्धोक नसतें. नववीच्या एका मुलानें विचारलें, "सर, तिच्या जिवासाठीं याचा जीव धोक्यांत कां घालायचा?" प्रश्न रास्त होता. मीं त्यास गोटूच्या वजनाची वही दाखविली. एकटेपणांतही तो सुखरूप नव्हताच.

बैल खच्ची करणारे आमच्या जिल्ह्यांत पुष्कळ; पण इतक्या लहान प्राण्यावर हत्यार चालविण्याचा सराव असलेले डॉक्टर आम्हांस पुण्यास मिळाले. टोपलींत घालून आगगाडीनें त्यास नेलें. शस्त्रक्रियेपूर्वीं माणसास उपाशी ठेवितात, यास तसें ठेवावयाचें नसतें. गिनीपिगला ओकारी होत नाहीं, आणि त्याचें आंतडें थांबलें तर तेंच जिवावर बेततें. म्हणून सबंध वाटभर स्वारी हरळी चघळीत होती. शुद्धीवर आल्यावर त्यानें पहिली काडी तोंडांत धरली, तेव्हां मीं मनांतल्या मनांत देवाचे आभार मानिले.

परत आल्या दिवसापासून मुलांचा एकच धोशा : "आतां सोडूं या ना, सर?" पण शस्त्रक्रियेनंतरही कांहीं आठवडे नराचे ठायीं प्रजोत्पादनाची शक्ति शिल्लक राहते, यास्तव सहा आठवडे थांबणें भाग होतें. दोन्ही पिंजरे शेजारीं, मध्यें जाळी, अशी व्यवस्था केली. बिछान्यासाठीं जुन्या सोलापुरी चादरींचे तुकडे होते. ते मुलें अधूनमधून आलटून पालटून घालीत, म्हणजे परस्परांचा वास अंगवळणीं पडावा.

त्याच दिवसांत वर्गांत मीं प्लेगची हकीकत सांगितली. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला आणि पुढें आमच्या सोलापुरासही त्याचा तडाखा बसला. १९०५ सालापासून परळच्या प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं प्लेगच्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले. उंदरांवरील पिसवा त्यांच्या अंगावर चढल्या, आणि त्यांतील कित्येक प्लेगनें मेले. रोग पिसवांमार्फत पसरतो हें सिद्ध होण्यास या मुक्या जिवांचें मरण कामीं आलें. ज्या कुळाचें आपणांवर इतकें ऋण, त्यांतील एकास पुण्याचा प्रवास घडविणें हा फार मोठा खर्च नव्हे, असें माझें मत आहे. आमच्या हिशेबनिसांचें निराळें आहे.

सहा आठवडे भरले त्या शनिवारीं दोघांस त्यांच्या पिंजऱ्यांत नव्हे, तर व्हरांड्याच्या धुतलेल्या फरशीवर सोडलें. ती जागा दोघांपैकीं कोणाचीच नव्हती. चार ठिकाणीं गवताचे ढीग, पेरूच्या फोडी, आणि दोन खोकीं. प्रत्येक खोक्यास दोन दारें ठेविलीं होतीं, कारण एका दाराच्या खोक्यांत पळणारा कोंडला जातो आणि मग चावतो. आपणांप्रमाणेंच या प्राण्याच्या शरीरांत क जीवनसत्त्व तयार होत नाहीं. तेव्हां पेरू हा नुसता पाहुणचार नव्हता.

गोटूनें घशांतून घरघर काढली आणि मागचें अंग डोलवीत तो साळूभोंवतीं फिरूं लागला. साळूनें दांत वाजविले, आणि तो फारच लगट करूं लागतांच मागें वळून नेमकी त्याच्या तोंडावर मूत्राची पिचकारी सोडली! मुलांची हसतां हसतां पुरेवाट झाली. मग पाठलाग सुरू झाला. एक लहानगा तिला उचलण्यास धांवला, त्यास मीं थांबविलें. दांत वाजविणें, पाठलाग करणें, दुसऱ्याचें गवत ओढून घेणें, ही त्यांची घरांत वडील कोण तें ठरविण्याची रीत आहे. दर वेळीं वेगळें केलें तर तंटा पुन्हां पहिल्यापासून चालू होतो. दोघे एकमेकांस कवटाळून गडबडा लोळूं लागले किंवा रक्त आलें, तरच मध्यें पडावयाचें, आणि तेंही जाड टॉवेल घालून, उघड्या हातानें नव्हे. टॉवेल माझ्या मांडीवर घडीचा घडीच राहिला.

दुपारीं साळूनें गोटूच्या तोंडांतली काडी ओढून घेतली, आणि त्यानें ती घेऊं दिली. सायंकाळीं दोघे हातभर अंतरानें पसरले होते. रात्रीं स्वच्छ धुतलेल्या मोठ्या पिंजऱ्यांत एकत्र ठेविलें. पहिल्या आठवड्यांत कुरबुरी झाल्याच. तथापि दुसऱ्या शनिवारीं गोटूचें वजन घटलें नव्हतें, आणि तिसऱ्या शनिवारीं वाढलें होतें. कोथिंबीर दिसतांच आतां दोन शिळा ऐकूं येतात.

उन्हाळ्यांत पारा चाळिशीच्या वर गेला म्हणजे आम्ही पडवीस वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारतों, आणि गार पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यांत गुंडाळून पिंजऱ्यांत ठेवितों. साळू एकीला टेकून बसते. दुसरी मोकळी असूनही गोटू तिच्याच बाटलीपाशीं जातो, आणि दांतांची वाजवणी खाऊन परत येतो.