टाकणखार, दोन ग्रॅम

‘रोल धुवायला टाकलाय.’ हे वाक्य वाईत आता ऐकू येत नाही. फोटो काढायचे आणि मग धुवायचे, असंच सगळे म्हणत. ज्या गावाचं धुणं कृष्णेच्या पायऱ्यांवर चालायचं, तिथे फोटो धुण्याचं कुणाला नवल नव्हतं.

इंदूचा रोल. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा. सरकारी कारखाना, १९६० साली स्थापन झालेला, आता बंद. इंदू म्हणजे चंद्र, आणि फिल्मवर थर चांदीच्या क्षारांचा. नाव शोभत होतं. १२० चा रोल आगफा क्लिक थ्रीत घातला की मागच्या लाल खिडकीत एकेक आकडा सरकत यायचा. बारा फोटो. बारसं असो की बाराव्या वर्षीची मुंज, बाराच.

ऑर्वो. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनचा. नावही ‘ओरिजिनल वोल्फेन’ यावरूनच पडलेलं. एनपी २७ वेगवान, ४०० एएसएची. एनपी २२ तिच्यापेक्षा संथ, १२५ ची. माझं मत विचाराल तर वाईसाठी एनपी २२. चारशेच्या फिल्मचे दाणे नदीच्या पाण्यावर रवा सांडल्यासारखे दिसत.

हे मत उगाच बनलेलं नाही. वाईचा दगड काळा. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, कुठल्याही घाटावर जा, पायऱ्या बेसाल्टच्या. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ, त्याची मागची भिंत पुराचं पाणी दुभंगावं म्हणून माशासारखी निमुळती केलेली. वर फिकट शिखर. सकाळी आठ वाजता शिखरावर लख्ख ऊन असतं आणि खालच्या ओल्या पायऱ्या अजून सावलीत. एकाच चौकटीत दोन्ही धरायचं. शिखराकडे बघून उजेड मोजला तर पायऱ्यांचा डांबराचा पट्टा होतो. पायऱ्यांकडे बघून मोजला तर शिखर विरून जातं. म्हणून उजेड सावलीला पुरेल एवढा द्यायचा आणि धुताना डेव्हलपरचा वेळ थोडा कापायचा. सावलीत जे यायचं ते लवकर येऊन थांबतं. वेळ वाढवला की फक्त उजेडाची बाजू दाट होत जाते. हा हिशेब कळला तेव्हा माझे तीन उन्हाळे संपले होते.

आता डेव्हलपर. डी-७६. १९२०च्या दशकात कोडॅकने सिनेमाच्या डुप्लिकेट निगेटिव्हसाठी तयार केलेला. कृती गुप्त नव्हती, त्यामुळे डबा मिळाला नाही तरी अडत नसे. माझ्या वहीत मागच्या पुठ्ठ्यावर अजून आहे: मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम, पाणी लिटरभर.

पहिले तीन पुण्याहून यायचे, खाकी पुड्यांत. टाकणखार इथलाच, काष्ठौषधीच्या दुकानातला. सोनार डाग लावताना वापरतात तोच. वजनाला घरचा काटा कामाचा नव्हता, म्हणून मी पुड्या घेऊन ओळखीच्या सोनाराकडे जाऊन बसायचो. काचेच्या पेटीतला तराजू. दोन ग्रॅम म्हणजे जवळजवळ दोन मासे. सोनारकाका चिमटीने एकेक कण टाकायचे, पारडं थरथरून स्थिर होईपर्यंत श्वाससुद्धा रोखून धरायचे. सोनं तोलावं तसंच मेटॉल तोललं त्यांनी. मग पुडीवर पेन्सिलीने ‘मे’ लिहायचे, टाकणखाराच्या पुडीवर ‘टा’. दोन्ही पूड पांढरीच.

घरी पाणी ऊन करायचं, हाताला चटका बसेल इतपत. आधी मेटॉल. घाईने सल्फाइट पुढे गेलं तर मेटॉल नीट विरघळत नाही, तळाशी बसून राहतं. सल्फाइटची चिमूट मात्र सगळ्यात पहिली टाकलेली बरी, मेटॉल लाल पडत नाही. काढ्याच्या तपकिरी बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवायचं. हवेला जागा ठेवली की बिघडलं.

नुसता डी-७६ वापरला तर त्यातलं भरपूर सल्फाइट दाण्यांच्या कडा विरघळवतं. चित्र मऊ येतं. एकास एक पाणी घातलं की दाणा किंचित उठतो, पण कडा स्वच्छ होते. दगडाला कडा हवी. एकदा रोडिनलची बाटलीही आणली होती. १८९१ पासूनचं जर्मन औषध, पन्नास पट पाण्यात घालून वापरायचं. घाटाचा दगड त्यात काय उतरला! पण त्याच रोलवर पायरीवर बसलेल्या एका आजींचा चेहराही होता आणि त्यांच्या गालावर दगडाचाच पोत आला. परत वापरलं नाही. वाईचं चित्र म्हटलं की दगडापाशी माणूस असतोच.

माठ. औषधाला वीस अंश हवेत. एप्रिलात नळाचं पाणी त्याच्या कितीतरी वर. माठातलं पाणी घंगाळात, त्यात बर्फ, त्यात बाटल्या. एका मे महिन्यात औषध गार केलं आणि शेवटची धुलाई तापलेल्या टाकीच्या पाण्याने केली. फिल्मवरचा जिलेटिनचा थर सुरकुतला. बाराही चौकटींवर वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारखी जाळी. त्या रोलवर माझ्या आत्याचा शेवटचा फोटो होता.

पिवळा फिल्टर. पसरणीच्या घाटावर भाद्रपदातले ढग. फिल्टर नसला की आभाळ कोरं.

लाल दिवा. झीरोच्या बल्बला लाल जिलेटिनचा कागद. ब्रोमाइडच्या कागदाला लाल उजेड दिसत नाही म्हणून तो चाले. पॅन फिल्मला सगळे रंग दिसतात, तिच्यासाठी ठार काळोख. जुन्या ऑर्थो फिल्मलाही लाल दिसत नसे. म्हणून पणजीच्या फोटोत कुंकू काळंकुट्ट आहे, कपाळाला भोक पडल्यासारखं. आईच्या फोटोत, पॅन फिल्मवर, तेच कुंकू करडं. चैत्रातलं हळदीकुंकू मी तीन वर्षं टिपलं. हळद उजळ आणि कुंकू गडद, दोघांतलं अंतर नेमकं यावं एवढ्यासाठी. हळदीच्या गावात ते अंतर चुकून चालत नव्हतं.

रिटचिंगची पेन्सिल. स्टुडिओत उतरत्या फळीवर निगेटिव्ह ठेवून डोळ्यांखालची सावली पेन्सिलीने भरत. टोक सुईसारखं.

वापरलेला हायपो, म्हणजे फिल्म पक्की करायचं औषध. त्यात चांदी उतरते म्हणून तो विकत घेणारे होते.

एनलार्जर. भंगारात, वजनावर.

वाई आता लोकांना रंगीत माहीत आहे. ‘स्वदेस’मधला मेणवलीचा घाट बघून माणसं येतात, त्याच पायरीवर उभी राहतात. इलफर्डची फिल्म अजून बनते. मुंबईहून कुरिअरने मागवता येते. पण गावात धुवायला कुणी नाही. सोनारकाकांच्या दुकानी डिजिटल काटा आहे, आणि त्यांचा नातू मेटॉल म्हणजे काय ते विचारतो. मी सांगतो. बराच वेळ सांगतो.

गणपती घाटाची ती सकाळ माझ्याकडे एका पट्टीवर आहे. खिडकीशी धरली की शिखर काळं, घाट जवळजवळ पारदर्शक. भिंग लावलं तर तिसऱ्या पायरीच्या कडेला छिन्नीचे तिरपे घाव दिसतात, मधोमध पावलांनी झिजून पुसट झालेले. पाकिटावर माझ्याच अक्षरात: ‘एनपी २२. डी-७६, एकास एक. २४ अंश, साडेसहा मिनिटं. बर्फ कमी पडला.’