नाणे बोलते तेव्हा

छंद अनेक प्रकारचे असतात. काही छंद माणसाला माणसांतून उठवितात, तर काही त्याला माणसांत आणून बसवितात. प्राचीन रोमन नाणी जमविण्याचा आमचा छंद वरवर पाहता पहिल्या प्रकारात मोडणारा आहे. एक भिंग, एक नाजूक तराजू आणि तळहातावर नखाएवढा धातूचा तुकडा! यात दुसऱ्या माणसाला जागा ती कुठे? परंतु आम्हां पाच मित्रांचा गेल्या अनेक वर्षांचा अनुभव नेमका उलट आहे. नाणे मिळविण्यात या छंदाचे अर्धेच सुख असते. उरलेले अर्धे ते दुसऱ्यापुढे ठेवण्यात असते.

महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, आम्ही कुणा एकाच्या घरी जमतो. ज्याच्याकडे नवे नाणे आले असेल त्याने ते मध्ये पांढऱ्या रुमालावर ठेवायचे आणि स्वतः गप्प बसायचे, असा आमचा दंडक आहे. बाकीच्यांनी ते आळीपाळीने न्याहाळायचे. धार धरून उचलायचे, चेहऱ्यावर बोट लावायचे नाही. सर्वांचे पाहून झाले की मालकाने आपली चिठ्ठी वाचायची. सम्राट कोण, टांकसाळ कोणती, वजन किती, आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे हे नाणे कोठून व कुणाच्या हातून आले. या शेवटच्या ओळीचे महत्त्व पुढे सांगावयाचे आहे.

वाचकांनी असा समज करून घेऊ नये की आमच्याकडे सोन्याची रास आहे. आमचा संग्रह बहुतांशी चौथ्या शतकातील तांब्या-काशाच्या नाण्यांचा. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातील, दोन शिपाई आणि त्यांच्यामध्ये सैन्याची निशाणे असलेले नाणे तर लाखांनी पाडले गेले. आजही ते एखाद्या बऱ्या ग्रंथाच्या किमतीत मिळते. परंतु सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी कुणी शिपायाने या नाण्याची भाकरी घेतली असेल, हा विचार मनात आला की हात आपोआप जपून हलतो.

नवे नाणे दाखविण्याची ही रीत फार जुनी आहे. इटालियन कवी पेत्रार्क हा रोमन नाण्यांचा आद्य संग्राहकांपैकी एक. रोममध्ये द्राक्षमळ्यात खणणारे मजूर जमिनीत सापडलेली नाणी घेऊन त्याच्याकडे येत. विकत घ्या म्हणत, नाहीतर हा चेहरा कुणाचा ते सांगा म्हणत. इ.स. 1354 मध्ये मांतुआ येथे चौथ्या चार्ल्सची भेट झाली तेव्हा पेत्रार्कने प्राचीन सम्राटांच्या मुद्रा असलेली काही नाणी त्याला भेट दिली, आणि ज्यांच्या गादीवर आपण बसणार त्यांच्यासारखे व्हा असे सुचविले. म्हणजे मळेकरी आणि राजा, दोघांशीही त्याचे बोलणे नाण्यांनीच घडविले.

या छंदाला शास्त्राची शिस्त लावली ती जोसेफ हिलारियुस एखेल या येशूसंघीय धर्मगुरूने. 1773 मध्ये येशूसंघ बरखास्त झाला. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथील शाही नाणेसंग्रहाची जबाबदारी एखेल यांच्याकडे आली. प्रदेश आणि काळ यांच्या क्रमाने नाणी मांडून 1792 ते 1798 या वर्षांत त्यांनी आठ खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. आमच्या चिठ्ठ्या म्हणजे त्या महान परंपरेची अगदी लहान पोरे होत.

आमच्या वाचकांना सर्वांत जवळचे वाटावे असे रोमन नाणे म्हणजे तिबेरियस (इ.स. 14 ते 37) याचे चांदीचे देनारियस. आपला 'दीनार' हा शब्द याच नावापासून आला. पुढील बाजूस पर्णमुकुट धारण केलेले सम्राटाचे मस्तक, आणि भोवती 'दिव्य ऑगस्टसचा पुत्र' असा लेख. मागील बाजूस हाती राजदंड व डहाळी घेतलेली आसनस्थ स्त्री. कैसराला कर द्यावा की नाही, असा पेच प्रभू येशूपुढे टाकला गेला तेव्हा त्याने पाहावयास मागितलेले नाणे हेच, असे परंपरेने मानले जाते. त्या प्रसंगातील एक गोष्ट आम्हांला नेहमी विचारात पाडते. येशूने स्वतःच्या पिशवीतून नाणे काढले नाही. ते दाखविण्यास सांगितले. नाणे आधी सर्वांसमोर आले, त्यावरील मुद्रा आणि लेख कुणाचा हे विचारले गेले, आणि मगच बोलणे झाले.

हेच नाणे हिंदुस्थानातही फार मोठ्या संख्येने आले. मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन जहाजे येत. मिरी, मोती, तलम कापड घेऊन परतत. हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स साम्राज्यातून ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनीने पहिल्या शतकात नोंदविली आहे. त्याच शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आपले कल्याण आणि सोपारा ही बंदरे नावानिशी येतात. तरीही ऑगस्टस व तिबेरियस यांच्या देनारियसचे मोठे साठे सापडतात ते दक्षिणेत, विशेषतः कोइमतूरच्या परिसरात. आपल्याकडे ती चांदी वितळवून स्थानिक नाणी पाडली गेली असावीत, असे काही अभ्यासक मानतात. दक्षिणेतील काही नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर मुद्दाम छिन्नीचा घाव घातलेला असतो. चांदी अस्सल आहे का हे पाहण्यासाठी, की परक्या राजाची मुद्रा रद्द करण्यासाठी, यावर मतभेद आहेत.

असेच घाव असलेले एक तिबेरियस काही वर्षांपूर्वी आमच्या रुमालावर आले. आणणारे गृहस्थ आमच्यात सर्वांत नवे. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना ते कराच्या नाण्याची गोष्ट सांगत, आणि ते नाणे एकदा मुलांच्या हाती द्यावे ही त्यांची बारा वर्षांची इच्छा. विक्रेत्याने नाणे आठवडाभर पाहावयास दिले होते. आम्ही सारेच थक्क झालो. लेखाचे अक्षरन् अक्षर शाबूत, आणि गालावर तो तिरपा घाव! परंतु चिठ्ठीची शेवटची ओळ कोरी होती. दक्षिणेत कुठल्याशा शेतात नुकताच एक घडा निघाला, त्यातले आहे. गावाचे नाव विचारू नका, एवढेच विक्रेत्याने सांगितले होते.

जमिनीत सापडलेल्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असे 1878 चा कायदा सांगतो. ते सर्वांना ठाऊक होते. तरी वाद झालाच.

"आपण नाही घेतले तर दुसरा कुणी घेईल, सर," ते म्हणाले. "निदान माझ्या मुलांना तरी पाहायला मिळेल."

"घेईल ना," आमच्यातील वयोवृद्ध शिक्षक शांतपणे म्हणाले. "पण मग मुलांनी विचारले की हे कुठे सापडले, तर तुम्ही त्यांना काय सांगाल?"

मग त्यांनी दोन उदाहरणे दिली. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप उठविला होता. सातवाहनांच्या विजयाचा तो धडधडीत पुरावा, पण साठा अखंड राहिला म्हणूनच त्याचे प्रमाण कळले. दुसरे उदाहरण इंग्लंडमधील फ्रोमचे. 2010 मध्ये एका छांदिष्टाला शेतात रोमन नाण्यांचा घडा लागला. त्याने खणणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलाविले. त्यांनी घडा थर लावून रिकामा केला, तेव्हा 52,503 नाणी निघाली. आणि त्यांतील सर्वांत अलीकडची, कारॉसियसची नाणी, बहुतेक खालच्या भागात होती. म्हणजे ती रक्कम वर्षानुवर्षे साठविलेली नव्हती, एकाच वेळी घड्यात ओतलेली होती. कदाचित तो देवाला वाहिलेला ठेवा असावा. घडा चोरून फुटला असता तर बावन्न हजार नाणी उरली असती आणि ही एक गोष्ट कायमची गेली असती.

आमच्या मित्राने ते नाणे परत केले. त्यांना ते जड गेले, हे आम्ही पाहिले. ते पुढे कुठे गेले ते कळले नाही. आमच्यातील एकाचे अजूनही मत असे की आपण ते विकत घेऊन सरकारी वस्तुसंग्रहालयाच्या स्वाधीन करावयास हवे होते. इतरांचे म्हणणे, पैसे पोचले की दुसरा घडा फुटतो. हा वाद मिटलेला नाही, आणि मिटावा अशी घाईही आम्हांला नाही. मुलांना मात्र नाणे पाहावयास मिळाले. शिक्षकांकडे एका जुन्या संग्रहातून रीतसर आलेले, झिजलेले तिबेरियस होते. ते त्यांनी वर्गावर नेण्यासाठी दिले. घाव नाही, लेख अर्धा पुसलेला, पण चिठ्ठी पूर्ण होती. एका मुलीने चेहऱ्यापेक्षा ती चिठ्ठीच अधिक वेळ वाचली, असे आमच्या मित्राने पुढच्या बैठकीत सांगितले.

तेव्हापासून आम्ही आपापल्या नाण्यांच्या चिठ्ठ्यांची दुसरी प्रत करून एकमेकांकडे ठेवतो. आम्ही या नाण्यांचे मालक नव्हे, काही वर्षांपुरते कारभारी आहोत. आमच्यामागे पेट्या उघडतील त्या मुलाबाळांच्या हाती चांदी-तांब्याचे नुसते वजन पडू नये, एवढीच इच्छा आहे.