गुणाढ्याच्या रानातला बिबट्या

मंचरला माझ्याकडे संस्कृत शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी शब्दरूपं देत नाही. मोदकांची गोष्ट वाचून दाखवतो.

सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत असतो. पाण्याच्या माऱ्याने दमलेली एक राणी म्हणते, ‘मोदकैः’ मारा. म्हणजे ‘मा उदकैः’, पाणी नको. राजाला संधी सोडवता येत नाही. तो तातडीने मोदक मागवतो आणि राणी हसते. लेण्याद्री-ओझरच्या मुलखातली पोरं इथे खिदळतात. संधी म्हणजे काय, हे पुन्हा समजावावं लागत नाही.

लाजलेल्या राजाला संस्कृत शिकायचं असतं. त्याचा मंत्री गुणाढ्य सहा वर्षं मागतो, दुसरा मंत्री शर्ववर्मा सहा महिने. हे शक्यच नाही म्हणून गुणाढ्य पैज घेतो: झालंच, तर संस्कृत, प्राकृत आणि देशी बोली तिन्ही सोडीन. पैज हरतो, मौन धरतो, विंध्याच्या रानात जातो. तिथे पैशाची भाषा कानावर पडते. तीत तो सात वर्षांत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहितो. रानात शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजा ती परत पाठवतो, कारण भाषा पिशाचांची.

मग गुणाढ्य अग्निकुंड पेटवतो. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचं आणि आगीत टाकायचं. हरणं, रानडुकरं, रेडे चरणं सोडून ऐकत बसतात, रडतात. राजाच्या ताटात येणारं मांस सुकतं, तेव्हा कुठे तो शोध घेत रानात पोचतो. तोवर सहा लाख श्लोक गेलेले असतात.

ही सगळी दंतकथा, तीही काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागरा’त सांगितलेली. ‘चांदोबा’तून घरोघरी गेलेला वेताळ याच सागरातला. पण मंचरला बसून ती वाचताना एक गोष्ट खटकते. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे. त्यात यज्ञांची, दक्षिणेची मोठी यादी आहे आणि भाषा प्राकृत आहे. ‘गाथासप्तशती’ ज्याच्या नावावर आहे तो हालही याच घराण्यातला, आणि गाथाही प्राकृतच. संस्कृत येत नाही म्हणून खरे सातवाहन लाजले असतील, असं त्यांच्या दगडांवरून तरी दिसत नाही. ती लाज बहुधा पुढच्या कथाकारांनी त्यांना चिकटवली.

अशी लाज मला वर्गात रोज भेटते. डिंभ्याच्या वरच्या अंगाची एक मुलगी मोदकांची गोष्ट परत सांगायला उभी राहिली. ‘मंग राजानी पान्याच्या जागी मोदकच आनलं,’ म्हणाली आणि थबकली. कोणीतरी फिस्सकन हसलं होतं. तिने ‘पाण्याच्या’, ‘आणले’ अशी दुरुस्ती केली आणि गोष्ट तिथेच मेली. मी म्हटलं, पहिलीच सांग. मग रानातल्या श्रोत्यांत तिने बिबट्याही बसवला, उसातून आलेला. सोमदेवाच्या यादीत बिबट्याचं नाव नाही. पण सोमदेवाने तरी गुणाढ्याची गोष्ट जशीच्या तशी कुठे ठेवली? बिबट्या राहू दिला.

व्याकरण शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून हे सांगायचा मला अधिकार आहे: गोष्ट सांगणाऱ्या मुलाची भाषा मध्येच दुरुस्त करू नये. ण आणि न यांचा हिशोब दुसऱ्या दिवशी, फळ्यावर करता येतो.

गुणाढ्याचे एक लाख श्लोक वाचले, असं कथा सांगते. आज त्यांची संस्कृत रूपांतरं मिळतात. पैशाचीतला मूळ ग्रंथ कुठेही मिळत नाही.